दोन हजार डुकरं आणि चुकलेला पत्ता

प्रश्न थोडक्यात असा. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, पाचव्या अध्यायात येशू गालीलच्या तळ्याच्या पैलतीरी उतरतो. थडग्यांत राहणारा, साखळदंड तोडणारा, रात्रंदिवस ओरडत स्वतःला दगडांनी ठेचून घेणारा एक माणूस त्याच्यासमोर येतो. येशू त्याच्यातली भुतं काढतो, ती जवळच चरणाऱ्या डुकरांत शिरतात आणि सुमारे २००० डुकरांचा कळप कड्यावरून धावत जाऊन पाण्यात बुडून मरतो. विचारणाऱ्याच्या शंका अशा: मार्क सांगतो तो मुलूख गरसेकरांचा, पण गरस हे शहर तळ्यापासून कितीतरी लांब आहे, मग डुकरं बुडाली कुठे? यहूद्यांच्या मुलखात एवढी डुकरं आली कुठून? मार्क एक माणूस सांगतो, दुसरा शुभवर्तमानकार मत्तय दोन, हे कसं? दुसऱ्याची जनावरं मारायचा येशूला काय हक्क? आणि मुळात हे घडलं का, की एक मनोरुग्ण होता आणि बाकी सगळी सांगोवांगी?

गेली सव्वीस वर्षं मी नव्या कराराचं ग्रीक शिकवतो. हा अध्याय आला की वर्गात यातले निदान तीन प्रश्न निघतातच, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण काहीतरी चोरून विचारतोय असा भाव असतो. चोरण्यासारखं काही नाही. चौथ्या शतकाच्या आसपास माकारियस माग्नेस नावाच्या ख्रिस्ती लेखकाने एका ग्रीक टीकाकाराचे आक्षेप उतरवून ठेवले आहेत. यहूद्यांना डुकराचा एवढा तिटकारा, मग हा कळप कुठला? आणि ते तर तळं, खोल समुद्र नव्हे, तिथे इतकी डुकरं बुडाली कशी? असल्या गोष्टींचा न्याय तान्ह्या पोरांवर सोपवावा, असा शेराही त्याने मारला आहे. इंग्लंडात टॉमस वूल्स्टनने चमत्कारांवर लिहायला घेतलं तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या चमत्कारांतच ही डुकरं घेतली. १७२९ साली ईश्वरनिंदेबद्दल त्याला दंड आणि कैद झाली.

पण या गोष्टीवर पहिली शंका टीकाकारांनी घेतलेली नाही. ती घेतली तिला पवित्र मानून पुढे उतरवणाऱ्यांनी. माझं बरंचसं उत्तर तिथूनच निघतं, म्हणून पत्त्याच्या प्रश्नावर जरा जास्त वेळ घालवतो.

ग्रीक नव्या कराराच्या अभ्यासाच्या आवृत्तीत पानाच्या वरच्या भागात मजकूर असतो आणि खाली बारीक अक्षरांत पाठभेद, म्हणजे वेगवेगळ्या हस्तलिखितांतले फरक. मार्क ५:१ च्या खाली तीन नावं भांडत असतात. सिनाय, व्हॅटिकन आणि बेझा ही जुनी हस्तलिखितं म्हणतात ‘गरसेकर’. अलेक्झांड्रियाचं हस्तलिखित आणि नंतरच्या बहुसंख्य प्रती म्हणतात ‘गदरेकर’. तिसरा गट म्हणतो ‘गर्गेसेकर’. आपल्या मराठी भाषांतरात मार्क आणि लूक यांच्याकडे गरसेकर आहेत आणि मत्तयाकडे गदरेकर. वाचताना दोन शेजाऱ्यांची आडनावं वाटतात, त्यामुळे पुष्कळांच्या नजरेतून हा फरक सुटतो.

यातलं सिनाय हस्तलिखित मुद्दाम पाहण्यासारखं आहे. ते चौथ्या शतकातलं, कातड्यावर लिहिलेलं. मूळ लेखनिकाने इथे गरसेकर लिहिलं, आणि पुढे कधीतरी दुसऱ्या एका हाताने दुरुस्ती करून त्याचं गर्गेसेकर केलं. ग्रीकमध्ये हा जेमतेम दोन-तीन अक्षरांचा खेळ आहे. पण हा दुरुस्त करणारा माणूस कोण होता, याचा विचार करा. शास्त्राचं पान समोर घेऊन बसलेला, त्यातला शब्दन् शब्द पवित्र मानणारा माणूस. त्याला कळलं की गरस इथे बसत नाही, आणि त्याने हात घातला.

का बसत नाही? गरस म्हणजे आजच्या जॉर्डनमधलं जेराश. गालीलच्या तळ्यापासून ते आग्नेयेला पन्नास किलोमीटरहून अधिक दूर आहे. गदरा म्हणजे आजचं उम्म कैस, तळ्यापासून सुमारे दहा किलोमीटर, आणि मध्ये यार्मुक नदीची खोल दरी. गरसहून डुकरं धावली म्हणायचं तर ती दोनेक दिवस धावली असणार. गदराहून धावली म्हणायचं तर आधी दरी उतरायची, मग चढायची आणि तरीही बुडण्याइतका उत्साह शिल्लक ठेवायचा. मार्क मात्र सांगतो की येशू होडीतून उतरताच तो माणूस समोर आला आणि कळप तिथेच डोंगराच्या बाजूला चरत होता.

तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने हा घोळ उघडपणे मांडला. तो पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात राहायचा, म्हणजे त्या मुलखाची त्याला माहिती होती. त्याने लिहिलं की गरस हे अरबस्तानातलं शहर, तिथे ना समुद्र ना तळं. गदरा गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध, पण तिथेही कड्याखाली तळं नाही. मग तो गर्गेसा नावाच्या तळ्याकाठच्या जुन्या गावाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो की तिथला कडा लोक अजून दाखवतात. वर त्या नावाची व्युत्पत्तीही सांगतो: ‘हाकलून देणाऱ्यांचं वसतिस्थान’, कारण त्या लोकांनी येशूला निघून जायला सांगितलं. व्युत्पत्ती इतकी सोयीची निघाली की माझ्या मनात पाल चुकचुकते. तरी शंकेखोरांच्या यादीत मी ओरिगेनला मानाचं पान देतो. नकाशा आणि मजकूर जुळत नाही, हे त्याने झाकलं नाही.

तुम्ही तळ्याच्या पूर्वकाठी गेलात तर कुर्सी इथे तुम्हाला ती ‘खरी जागा’ दाखवतील. १९७० साली रस्त्याचं काम चालू असताना तिथे भिंती सापडल्या, आणि उत्खननात बायझंटाइन काळातला मोठा मठ निघाला, साधारण पाचव्या शतकात उभा राहिलेला. सुंदर जागा आहे. पण तो मठ एवढंच सिद्ध करतो की पाचव्या शतकातले यात्रेकरू इथे येत होते. पहिल्या शतकात इथे काय झालं याबद्दल त्या भिंती गप्प आहेत. गोष्टीला जागा हवी होती आणि जागेला गोष्ट, दोघांची गाठ पडली.

‘गरसेकरांचा देश’ म्हणजे तो सगळाच प्रदेश, असंही समर्थन केलं जातं. गदराच्या बाबतीत मी ते थोडंफार ऐकून घेईन. त्या शहराच्या नाण्यांवर जहाज दिसतं आणि त्याची हद्द पाण्यापर्यंत पोहोचत असावी. गरसची हद्द मध्ये दुसरी शहरं ओलांडून तळ्याला टेकली, हे मात्र मी कुणाला सांगणार नाही.

माझं मत असं की मार्कने गरसच लिहिलं. ज्या पाठाने लेखनिकाची अडचण होते तो बहुधा जुना, कारण सोपं नाव बदलून कुणी मुद्दाम अवघड करत नाही. आणि पहिली दुरुस्ती मत्तयाने केली. मत्तयापुढे मार्कचा मजकूर होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मीही मानतो. त्याने गरस वाचलं, त्याला ते पटलं नाही आणि त्याने जवळचं गदरा घातलं. शुभवर्तमान लिहिणाराच दुसऱ्या शुभवर्तमानावर लाल पेन चालवतो आहे. आधुनिक शंकेखोर जी चूक दाखवतो ती शास्त्राच्या आतच एका लेखकाने दुसऱ्याची पकडलेली आहे.

यहूदी मुलखात डुकरं कुठून, हा प्रश्न मात्र लवकर मिटतो. तो यहूदी मुलूख नव्हताच. तळ्याच्या पूर्वेला दकापलीस, म्हणजे ‘दहा शहरं’, ग्रीक वळणाची. गदरा, गरस आणि तळ्याच्या अगदी डोक्यावरचं हिप्पोस ही त्यातलीच. तिथे डुकरं असणं नवल नाही. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये याच मुद्द्यावर मोठी जुंपली. ग्लॅडस्टन, जो पुढे चौथ्यांदा पंतप्रधान झाला, त्याचं म्हणणं असं की डुकरांचे मालक यहूदी होते, नियम मोडून डुकरं पाळत होते, मग नुकसान झालं ते न्यायानेच. थॉमस हक्सलीने १८९० च्या सुमारास पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस याचे दाखले देऊन गदरा ग्रीक शहर होतं हे दाखवलं आणि ग्लॅडस्टनची पंचाईत केली. एक जीवशास्त्रज्ञ आणि एक राजकारणी मासिकातून डुकरांच्या मालकांची जात ठरवत बसले होते! या वादात मी हक्सलीच्या बाजूने आहे.

डुकरं तिथे असणं खरं, पण मार्कला ती का हवीत, हे पाहायचं तर जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकातलं ६५:४ काढा. तिथे देव एका बंडखोर लोकांबद्दल बोलतो: ते थडग्यांमध्ये बसतात, डुकराचं मांस खातात. थडगी, डुकरं आणि अशुद्धता एकाच दमात. मार्कचा प्रसंग त्या ओळीच्या रंगांत रंगवलेला आहे.

एक की दोन माणसं? मत्तयाला दोनाची सवय आहे. मार्ककडे यरीहोजवळ एक आंधळा, बार्तीमय, मत्तयाकडे दोन. मार्ककडे यरुशलेमेत शिरताना एक शिंगरू. मत्तयाकडे गाढवी आणि शिंगरू. साक्षीला निदान दोघं हवेत हा यहूदी नियम त्याच्या मनात असेल, किंवा मार्कच्या पहिल्या अध्यायातला कफर्णहूमचा भूतग्रस्त त्याने गाळला आहे त्याची भरपाई असेल. ‘दोन होते म्हणजे एक होताच’ हे उत्तर मी वर्गात चालू देत नाही. याच हिशेबाने २००० डुकरं होती म्हणजे एक डुक्कर होतंच, असंही म्हणता येईल.

आता खरी मौज. पुस्तक जवळ असेल तर मार्क ५:२ आणि ५:६ लागोपाठ वाचा. दुसऱ्या ओवीत येशू होडीतून उतरताच तो माणूस त्याला भेटतो. सहाव्या ओवीत तोच माणूस येशूला लांबून पाहतो आणि धावत येतो. समोर उभा असलेला माणूस लांबून कसा दिसेल? मधल्या तीन ओव्यांत त्याचं वर्णन आहे, साखळ्या, बेड्या, थडगी, आणि वर्णन संपल्यावर सांगणाऱ्याला माणूस पुन्हा मंचावर आणावा लागला. कापड जोडलेलं आहे, शिवण दिसते.

मग आठवी ओवी. सातव्या ओवीत तो ओरडतो, ‘तुला देवाची शपथ घालतो, मला छळू नकोस.’ आणि त्यानंतर मार्क म्हणतो, कारण येशू त्याला म्हणत होता, ‘अरे अशुद्ध आत्म्या, बाहेर नीघ.’ ग्रीकमध्ये ‘एलेगेन गार’. ‘एलेगेन’ हे अपूर्ण भूतकाळातलं रूप, म्हणजे एकदा म्हटलं आणि झालं असं नाही, म्हणत होता. आणि ‘गार’ म्हणजे ‘कारण’, मागाहून जोडलेला खुलासा. सरळ वाचलं तर अर्थ असा होतो की येशूने बाहेर निघ म्हटलं आणि भूत लगेच निघालं नाही. नवव्या ओवीत येशू त्याचं नाव विचारतो, वाटाघाटी होतात आणि मग कुठे सुटका. मत्तयाने ही ओवी उडवलेली आहे. नाव विचारणंही उडवलं आहे. त्याच्याकडे येशू एकच शब्द बोलतो: ‘जा.’

‘शपथ घालतो’ हे क्रियापदही पाहा, ‘होर्किझो’. इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक मंत्रपोथ्यांत भूत उतरवणारे मांत्रिक याच शब्दाने भुताला बांधतात. इथे भूतच मांत्रिकाला शपथ घालतंय, तेही देवाची. सांगणाऱ्याला त्या धंद्याची भाषा पक्की ठाऊक होती आणि त्याने ती उलटी फिरवली. नाव विचारणंही त्याच धंद्यातलं, कारण नाव कळलं की ताबा येतो.

या ओव्यांपाशी मी शंकेखोर विद्यार्थ्याला थांबवतो. येशूचा पहिला हुकूम लागू पडला नाही, असं स्वतःच्या गुरूबद्दल कोणता भक्त मुद्दाम रचेल? रचलेल्या गोष्टीत हुकूम पहिल्याच फटक्यात चालतो. मत्तयाने केलं तेच. म्हणून मला वाटतं की या प्रसंगाच्या तळाशी कुठलीतरी खरी आठवण आहे. पूर्वेकडच्या परक्या मुलखात, एक फार बिघडलेला माणूस, आणि येशूला तिथे कष्ट पडले.

डुकरांबद्दल मी हे म्हणणार नाही. पंधरावी ओवी वाचा. गावकरी येतात, तो माणूस कपडे घालून शुद्धीवर बसलेला दिसतो आणि ते घाबरतात. ते घाबरले माणसाला पाहून. २००० डुकरांची प्रेतं पाण्यावर तरंगत असताना त्यांची नजर कपडे घातलेल्या एका माणसावर जाते? पुढची ओवी म्हणते की पाहणाऱ्यांनी त्यांना भूतग्रस्ताचं काय झालं ते सांगितलं, आणि शेवटी ग्रीकमध्ये चार शब्दांचं शेपूट: ‘आणि डुकरांविषयीही’. हे शेपूट मला मागाहून लावलेलं वाटतं. मत्तयाला बहुधा ते खटकलं, कारण त्याच्याकडे क्रम उलटा आहे: राखणदारांनी सगळं सांगितलं, आणि भूतग्रस्तांचंही.

डुकरं काढून टाका आणि पाहा काय होतं. कडा लागत नाही. बुडायला तळं लागत नाही. मग गरस तळ्यापासून पन्नास किलोमीटर असलं तरी कुणाचं काही अडत नाही. प्रसंग मुळात गरसच्या परिसरातला असावा. पुढे तो होडीच्या प्रवासांच्या मालिकेत ओवला गेला, त्याच्यात डुकरं शिरली, आणि डुकरांबरोबर तळं आलं. ही माझी एकट्याची कल्पना नव्हे; अमेरिकन कॅथलिक अभ्यासक जॉन मायर यांचाही कल असाच होता. सिद्ध करता येत नाही हे कबूल. पण दोन मोठ्या अडचणी एकाच खुलाशात सुटतात म्हणून मला तो आवडतो.

मग डुकरं आली कशाला? जोसेफस एक किस्सा सांगतो, आणि तो स्वतः हजर होता म्हणतो. एलाजार नावाचा यहूदी मांत्रिक रोमन सेनापती (पुढे सम्राट) व्हेस्पासियन, त्याची मुलं आणि सैनिक यांच्यासमोर भूत उतरवत होता. अंगठीत शलमोन राजाने सांगितलेली मुळी बसवलेली, ती रोग्याच्या नाकाशी धरायची आणि भूत नाकपुडीतून ओढून काढायचं. आणि भूत खरंच निघालं हे लोकांना कळावं म्हणून जवळच पाण्याने भरलेलं भांडं ठेवायचं. निघताना भुताने ते पालथं करायचं. अपोलोनियस या पहिल्या शतकातल्या भटक्या ग्रीक तत्त्वज्ञाच्या चरित्रात असंच भूत जाताना पुतळा पाडतं. भूत डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा ते गेल्याची खूण लागते. एलाजारचं भांडं, अपोलोनियसचा पुतळा, मार्कची डुकरं. मार्कची खूण फार मोठी आहे, एवढंच.

एलाजार खराच होता आणि त्याने काहीतरी करून दाखवलं, हे मान्य करायला मला जड जात नाही. पाण्याचं भांडं भुताने पालथं केलं हे मी मान्य करत नाही. मार्कला मी हीच फूटपट्टी लावतो. जोसेफसला एक माप आणि मार्कला दुसरं, असं करायचं असेल तर त्याचं कारण द्यावं लागेल. हे मी श्रद्धाळूंनाही सांगतो आणि मार्कचं सगळंच थाप म्हणणाऱ्यांनाही.

अजून एक धागा आहे. भुताने सांगितलेलं नाव, मराठीत ‘सैन्य’. ग्रीक मजकुरात तिथे चक्क लॅटिन शब्द आहे, ‘लेगिओन’, रोमन पलटण, पाच-सहा हजार माणसांची. सिरियात असलेल्या दहाव्या पलटणीच्या चिन्हांत रानडुक्कर होतं. तिच्या छपराच्या कौलांवर उमटवलेलं डुकराचं चित्र यरुशलेमेत सापडलेलं आहे. हीच पलटण सन ७० मध्ये यरुशलेमेच्या वेढ्यात होती आणि नंतर तिथेच तळ देऊन राहिली. त्यात मार्कचं भूत गयावया करतं की आम्हाला या देशाबाहेर घालवू नकोस. ताबा बसवलेला परका, नाव पलटण, चिन्ह डुक्कर, शेवट समुद्रात, मोशेच्या लोकांचा पाठलाग करताना बुडालेल्या फारोच्या सैन्यासारखा. आणि गरसबद्दल जोसेफस सांगतो की व्हेस्पासियनने लुसियस अन्नियस नावाच्या अधिकाऱ्याला पाठवून तिथे हजार तरुण मारले, घरं लुटली, जाळली. मार्क साधारण त्याच काळात लिहीत होता. त्याच्या ऐकणाऱ्यांपैकी निदान काही जण ‘सैन्य’ आणि डुकरं ऐकून गालात हसले असतील, याची मला जवळपास खात्री आहे. काही अभ्यासक मात्र सगळी गोष्टच रोमविरुद्धचं रूपक ठरवतात, तिथे माझी गाडी अडते. रूपक लिहायचं असतं तर पलटण बुडाल्यावर गावकऱ्यांनी येशूला निघून जा असं का विनवलं असतं?

आता हक्काचा प्रश्न. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९२७ च्या भाषणात हा नेमका काढला: सर्वशक्तिमान होता तर भुतांना नुसतं जा म्हणता आलं असतं, डुकरांचा बळी कशाला? चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन याने मात्र याच प्रसंगावरून उलट निष्कर्ष काढला होता. मानी पंथाचे लोक प्राणी मारणं पाप समजत, त्यांना त्याने सुनावलं की ख्रिस्ताने स्वतः डुकरं मरू दिली, म्हणजे जनावरांशी आपलं असलं काही नातं नाही. ऑगस्टिन माझ्या आवडीचा लेखक आहे, पण हे वाचताना मान खाली जाते. ‘येशूने पाठवलं नाही, फक्त परवानगी दिली’ हा बचावही लंगडा आहे, कारण परिणाम त्याला माहीत नव्हता असं बचाव करणाऱ्यांनाच म्हणवत नाही. डुकरं घडलीच असतील तर रसेलचा आक्षेप उभा राहतो आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. ती सांगणाऱ्याने आणलेली असतील तर आक्षेप सांगणाऱ्यावर जातो, आणि त्याला त्या डुकरांत जनावरं दिसत नव्हती, अशुद्धता दिसत होती. आज आपल्याला जनावरं दिसतात. दिसायलाच हवीत.

नैसर्गिक खुलासा करणाऱ्यांबद्दलही एक शब्द. एकोणिसाव्या शतकातले बुद्धिवादी धर्मशास्त्री म्हणत की वेड्याला शेवटचा झटका आला, तो कळपावर धावला आणि डुकरं बिथरून कड्यावरून पडली. जर्मन धर्मशास्त्री डेव्हिड स्ट्राउसने १८३५ मध्ये अशा खुलाशांची साल काढली, आणि ते बरंच झालं. कारण इथे चमत्कार काढून टाकून त्याच्या जागी तितकीच अशक्य दुसरी घटना बसवली जाते. २००० डुकरं एकदम एकाच दिशेला पळत नाहीत, आणि पाण्यात पडलेलं डुक्कर पोहतं, चांगलं पोहतं.

त्या माणसाला काय झालं होतं? मार्कच्या नवव्या अध्यायातल्या मुलाची लक्षणं अपस्माराशी जुळतात. मत्तय तर तिथे ‘चंद्राने पछाडलेला’ असाच शब्द वापरतो. पाचव्या अध्यायातल्या माणसाचं निदान मी करत नाही आणि कुणी करू नये. सहा ओव्यांवरून रोगाचं नाव ठेवणारा डॉक्टर तुम्ही स्वतःसाठी निवडाल का? इथे एक गोष्ट मात्र ठासून सांगतो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने हाच अध्याय वाचून घरच्या मुलाच्या गोळ्या बंद केल्या आणि भूत काढणाऱ्याला बोलावलं. पुढचे आठ महिने त्या घराने जे सोसलं ते लिहिण्यासारखं नाही. पहिल्या शतकात त्या मुलखातले लोक अशा दुखण्याला सहसा भूतच म्हणत. आपल्याकडे अधिक शब्द आहेत, औषधं आहेत. कुणाच्या घरी असा माणूस असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ, प्रार्थना त्याच्या जोडीला.

तर घडलं का? परक्या मुलखात येशूने एका भूतग्रस्त मानल्या गेलेल्या माणसाला सावरलं, हे मी शक्य कोटीतलं मानतो, बहुधा झालं असंही म्हणेन. आठव्या ओवीचं मला दुसरं स्पष्टीकरण सुचत नाही. डुकरं घडली असं मला वाटत नाही. मी दर रविवारी उपासनेला जातो, आणि हे माझ्या पाळकांनाही सांगितलेलं आहे. ते हसले आणि म्हणाले, पुढच्या वेळी या अध्यायावर प्रवचन तुम्हीच करा. केलं, आणि त्यात पत्त्याचाही प्रश्न घेतला.

त्या प्रवचनाच्या तयारीत मला एक दिसलं ते वीस वर्षं शिकवूनही दिसलं नव्हतं. ‘विनवणी केली’ हे एकच ग्रीक क्रियापद या प्रसंगात चार वेळा येतं, ५:१०, १२, १७ आणि १८ मध्ये. भुतं विनवतात की आम्हाला देशाबाहेर घालवू नकोस, डुकरांत जाऊ दे. येशू जाऊ देतो. गावकरी विनवतात की आमच्या हद्दीतून निघून जा. येशू होडीत चढतो. मग बरा झालेला माणूस विनवतो की मला तुझ्याबरोबर राहू दे. येशू फक्त त्याला नाही म्हणतो. घरी जा, तुझ्या माणसांत जा, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं आणि तुझ्यावर कशी दया केली ते सांग. तो माणूस गेला आणि दकापलीसभर सांगत सुटला, असं मार्क लिहितो. काय सांगायचं याच्या त्या यादीत डुकरं नाहीत.